२७ = ० वर अडलेली वही

दिवाळीच्या सुट्टीत माझी भाची पंधरा दिवस कराडला माझ्याकडे राहायला होती. दहावीला आहे, मराठी मीडियम, अभ्यासू पोरगी, अक्षर असं की वही बघत राहावं, आणि सहामाहीला गणित भाग १ मध्ये ४० पैकी २१ मार्क. ताईचा फोन आला, "अगं तिचं बीजगणित कच्चं राहिलंय, जरा बघतेस का." मी अठरा वर्षं हायस्कूलला गणित शिकवलंय, त्यामुळे घरातल्या सगळ्या पोरांची गणितं शेवटी माझ्याच डायनिंग टेबलावर येतात. पण या वेळी जे काय झालं ते सविस्तर लिहून ठेवावंसं वाटलं, कारण हाच प्रकार मी वर्गात शंभर वेळा बघितला असणार आणि प्रत्येक वेळी "सराव कमी पडतोय" म्हणून पुढे गेले असणार.

आधी तिचा पेपर बघितला. समीकरणं सोडवा, सगळी बरोबर. निश्चयकाची किंमत, बरोबर. क्रेमरच्या पद्धतीचं उदाहरण तर इतकं स्वच्छ सोडवलेलं की मी सुद्धा तसं लिहीत नाही. आलेखाला एक मार्क गेला तो स्केल लिहिलं नाही म्हणून. आणि मग शाब्दिक उदाहरणं आली की सगळं संपलं, तीन उदाहरणांत मिळून एक मार्क, तो पण "समजा" लिहिल्याचा. म्हणजे बीजगणित कच्चं नव्हतंच मुळी. समीकरण समोर ठेवलं तर ती झोपेत सोडवेल, ते समीकरण वाक्यातून बाहेर काढायचं कसं हे तिला जमत नव्हतं. ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि रिपोर्ट कार्डावर दोन्हींसाठी एकच आकडा येतो.

आता ते उदाहरण ज्याच्यामुळे हे सगळं सुरू झालं. दोन अंकी संख्या आहे, अंकांची बेरीज ९, अंकांची अदलाबदल केली तर मिळणारी संख्या मूळ संख्येपेक्षा २७ ने मोठी, तर मूळ संख्या कोणती. दहावीच्या भाग १ च्या पहिल्याच प्रकरणात, दोन चलांतील रेषीय समीकरणांत, असली उदाहरणं असतात. तिने काय लिहिलं होतं बघा. (शाळेच्या पुस्तकात इंग्रजी अक्षरं असतात, मी इथे क्ष आणि य लिहितेय, आमच्या वडिलांच्या वेळेला तसंच शिकवायचे.)

समजा, संख्या = क्ष य
क्ष + य = ९
क्ष य + २७ = य क्ष
२७ = य क्ष − क्ष य
२७ = ०

आणि शेवटच्या ओळीवर पेन्सिलने एक हलकीशी रेघ. त्याखाली पान कोरं.

मी विचारलं, "हे का खोडलंस?" तर म्हणाली, "काहीतरीच आलं गं मावशी." मला ते वाचून वाईट वाटलं, खरंच. कारण तिच्या हिशोबाने तिने प्रत्येक स्टेप बरोबर केली होती. ३६ मध्ये ३ च्या शेजारी ६ असतो, मग क्ष च्या शेजारी य. अदलाबदल म्हणजे य च्या शेजारी क्ष. पण बीजगणितात दोन अक्षरं शेजारी आली की तो गुणाकार होतो, आणि गुणाकारात क्रम बदलला तरी उत्तर तेच, म्हणून २७ = ०. बीजगणित तिला ओरडून सांगत होतं की मांडणीत गडबड आहे आणि तिला ते ऐकू आलं, म्हणूनच तिने रेघ मारली, पण गडबड नेमकी कुठे ते सांगणारं कोणी नव्हतं. तपासणाऱ्याने लाल पेनाने मोठा शून्य काढला होता, बाकी काही नाही.

पहिले चार दिवस मी चुकीच्या वाटेने गेले, ते पण लिहिते. मी तिला शब्दांची यादी करून दिली, जशी बऱ्याच गाइडांत असते. "ने जास्त" म्हणजे अधिक, "ने कमी" म्हणजे वजा, "पट" म्हणजे गुणिले, "एकूण" म्हणजे बेरीज. तिने ती सुंदर अक्षरात चौकटीत लिहून घेतली. मग मी तोंडी विचारलं, पेन वहीपेक्षा १२ रुपयांनी जास्त आहे, पेन ३५ चा, वही केवढ्याची? ती म्हणाली २३, पटकन, विचार न करता. म्हटलं हे लिही आता यादी वापरून. तर तिने लिहिलं ३५ + १२ = ४७, कारण "ने जास्त" म्हणजे अधिक. तोंडी बरोबर आणि लेखी चूक! तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी तिला मदत करायच्या ऐवजी तिच्याकडे जी समज आधीच होती ती पण काढून घेतेय. यादीचं पान मी तिथेच फाडलं. ती जरा घाबरली, म्हटलं तुझ्यावर नाही चिडले, यादीवर चिडले.

पाचव्या दिवशी एक सोपं दिलं. वर्गात ५० विद्यार्थी आहेत, मुलींची संख्या मुलांच्या संख्येच्या दुपटीपेक्षा ४ ने कमी आहे, तर मुलं किती आणि मुली किती. तिने लिहिलं:

मुले = क्ष, मुली = य
क्ष + य = ५०
२य − ४ = क्ष

सोडवलं, य = १८, क्ष = ३२. म्हणजे मुलं ३२, मुली १८. खाली दोन रेघा मारून उत्तर चौकटीत. मी म्हटलं, आता उदाहरण परत वाच आणि नुसतं एवढंच सांग, वर्गात जास्त कोण आहे? तिने वाचलं, "मुली... दुपटीपेक्षा चारच कमी म्हणजे मुलीच जास्त." मग स्वतःच्या चौकटीकडे बघितलं. मग परत उदाहरणाकडे. मग गप्प.

हे बरोबर कसं होतं ते आधी लिहून टाकते म्हणजे पुढे अडायला नको. मुलांची संख्या क्ष, तिची दुप्पट २क्ष, त्यापेक्षा ४ कमी म्हणजे २क्ष − ४, आणि ही झाली मुलींची संख्या, य = २क्ष − ४. मग क्ष + २क्ष − ४ = ५०, ३क्ष = ५४, मुलं १८, मुली ३२. आकडे तेच, फक्त नावं उलटी लागली होती.

ही उलटापालट काही फक्त माझ्या भाचीची नाही हो. अमेरिकेत जॉन क्लेमंट नावाच्या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या सुमारास इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या पोरांना एकच वाक्य दिलं होतं, या विद्यापीठात जितके प्राध्यापक आहेत त्याच्या सहापट विद्यार्थी आहेत, हे समीकरणात लिहा. एक तृतीयांशाहून जास्त पोरांनी चुकीचं लिहिलं, आणि चुकलेल्यांपैकी बहुतेकांनी सहाचा आकडा विद्यार्थ्यांच्या अक्षराला लावला, ६ गुणिले विद्यार्थी = प्राध्यापक (पाहिजे होतं ६ गुणिले प्राध्यापक = विद्यार्थी). इंजिनिअरिंगची पोरं, म्हणजे समीकरण सोडवता न येणारी नव्हेत. काही जणांनी वाक्यात शब्द ज्या क्रमाने आले त्या क्रमाने चिन्हं मांडली, आणि काही जणांच्या डोक्यात चित्र बरोबर होतं, एका प्राध्यापकासमोर सहा विद्यार्थी बसलेत, पण ते चित्र त्यांनी जसंच्या तसं कागदावर उतरवलं. सहा विद्यार्थी इकडे, एक प्राध्यापक तिकडे, मध्ये बरोबरचं चिन्ह. अक्षर त्यांच्यासाठी विद्यार्थी ह्या माणसाचं नाव होतं, विद्यार्थ्यांच्या संख्येचं नव्हतं.

माझ्या भाचीचं पण नेमकं हेच. "मुली" वाचलं, य लिहिलं, "दुप्पट" वाचलं, दोन लिहिले, "४ ने कमी" वाचलं, वजा ४. राहिलं काय, क्ष, तो पलीकडे. आणि त्या दोन अंकी संख्येत सुद्धा क्ष म्हणजे अंकाची जागा, एक चिठ्ठी चिकटवलेली. दोन्ही चुका दिसायला वेगळ्या पण मूळ एकच, की क्ष म्हणजे एक संख्या आहे जिला मी गुणू शकते, जिच्यातून वजा करू शकते, ही गोष्ट तिच्या हातात नव्हती. "समजा, मुले = क्ष" ही ओळ तिच्यासाठी एक विधी होता, मार्क मिळतो म्हणून करायचा.

आता खरी गंमत पुढे आहे. माझे दाजी, म्हणजे तिचे पप्पा, एसटीत कंडक्टर आहेत. सहाव्या दिवशी मी पुस्तक बाजूला ठेवलं आणि तिला म्हटलं, पप्पांच्या गाडीत एका फेरीला ३८ पॅसेंजर बसले, सगळे एकाच स्टॉपला चढले आणि एकाच स्टॉपला उतरले, फुल तिकीट ६० रुपये, हाफ ३०, एकूण १५९० रुपये जमले, तर फुल किती आणि हाफ किती? (२०२३ च्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालंय, त्यामुळे हाफवाले जास्त असले तरी तिला काही विचित्र वाटलं नाही, उलट म्हणाली "लेडीज जास्त असणार".) मी वही पुढे केली तर तिने ती घेतलीच नाही. वर पंख्याकडे बघत बोलायला लागली.

"सगळ्यांना हाफच दिलं असं धर. अडतीस त्रिक... ११४० झाले. पण आहेत १५९०. म्हणजे ४५० जास्तीचे. एका फुलमागे ३० जास्त येतात. मग १५ फुल. हाफ २३."

पंधरा साठे ९००, तेवीस तिसे ६९०, बेरीज १५९०. मी काही बोललेच नाही, नुसतं कागदावर तिने म्हटलेलं लिहून काढलं होतं. मग म्हटलं आता हेच तुझ्या पेपरच्या भाषेत लिहू. फुल तिकिटांची संख्या क्ष, हाफ तिकिटांची संख्या य.

क्ष + य = ३८
६०क्ष + ३०य = १५९०

पहिल्या समीकरणाला ३० ने गुण म्हटलं. तिने लिहिलं ३०क्ष + ३०य = ११४०. आणि थांबली. पेन तसंच हवेत. "मावशी, हे ११४० माझेच आहेत की!" मी म्हटलं वजाबाकी कर. ३०क्ष = ४५०. "हे पण माझेच!"

मी अठरा वर्षांत हे असं समोर घडताना किती वेळा बघितलं असेल, फार नाही. सहगुणक, म्हणजे अक्षराच्या मागचा आकडा, समान करून एक चल, म्हणजे क्ष किंवा य, घालवायचं ही पद्धत ती वर्षभर करत होती, पण ती कशाला करायची हे आत्ता कळलं. य चा सहगुणक सारखा करणं म्हणजे "सगळ्यांना हाफच दिलं असं धर" हेच की! ३८ माणसांना ३० प्रमाणे किती झाले असते ते समीकरण, खऱ्या जमेतून वजा केलं, आणि जे उरलं ते फक्त फुलवाल्यांचं जास्तीचं. तिच्या डोक्यातली रीत आणि कागदावरची रीत एकच निघाली, आणि तिला ते कोणी सांगितलं नाही, तिचेच आकडे तिला कागदावर भेटले.

मग लगेच मी एक प्रश्न विचारला जो मला आता सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. म्हटलं, तू जर "फुल तिकीट = क्ष" असं लिहिलं असतंस, तर क्ष किती, ६० का १५? ती म्हणाली, "६०... नाही १५... दोन्ही होऊ शकतं." बरोब्बर! "फुल तिकीट" म्हटलं तर त्याची किंमत पण आली, संख्या पण आली आणि तो कागदाचा तुकडा पण आला. क्ष ला ह्यातलं एकच काहीतरी व्हायला पाहिजे. तेव्हापासून आमचा नियम झाला, "समजा" च्या ओळीत नुसतं नाव लिहायचं नाही, कशाची संख्या, कशाची किंमत, किती वर्षं, किती किलोमीटर, एककासकट पूर्ण लिहायचं. मुले = क्ष चालणार नाही. मुलांची संख्या = क्ष. एवढासा शब्द जास्त, पण "मुलींची संख्या मुलांच्या संख्येच्या..." हे वाचताना मग दुप्पट कशाची करायची ते आपोआप दिसतं.

इथे मला भास्कराचार्य आठवले, आणि मी तिला त्यांचं सांगितलं कारण ते आपल्या इतक्या जवळचे आहेत आणि पोरांना फक्त नाव माहीत असतं. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा, सिद्धांतशिरोमणी हा ग्रंथ ११५० चा, लीलावती आणि बीजगणित हे त्याचेच भाग. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणला त्यांचा नातू चांगदेव याचा शिलालेख आहे. तर ह्या परंपरेत अज्ञात संख्येला क्ष नव्हते म्हणत, "यावत्तावत्" म्हणायचे. म्हणजे मराठीत सरळ, जेवढं तेवढं. जेवढं असेल तेवढं. आणि लिहिताना त्याचा "या" करायचे, साध्या आकड्याला "रूप" म्हणून "रू". दुसरी, तिसरी अज्ञात संख्या आली तर रंगांची नावं, कालक, नीलक, पीतक, म्हणून "का", "नी", "पी".

त्यांचं एक उदाहरण बीजगणितात आहे. एका माणसाकडे ३०० रूप आणि ६ घोडे, दुसऱ्याकडे १० घोडे पण डोक्यावर १०० चं कर्ज, सगळे घोडे एकाच किमतीचे आणि दोघांची मालमत्ता सारखी, तर घोड्याची किंमत किती. भास्कराचार्य दोन ओळी एकाखाली एक मांडतात, वर या ६ रू ३००, खाली या १० रू १००, आणि कर्ज आहे म्हणून त्या १०० वर एक टिंब. आणि सुरुवातीलाच सांगतात की घोड्याची किंमत माहीत नाही, तिचं मान यावत्तावत् धरलं. घोडा यावत्तावत् नाही, घोड्याची किंमत यावत्तावत्! नऊशे वर्षांपूर्वी "समजा" ची ओळ अशी नीट लिहिलेली आहे. भाचीने ते तोंडी सोडवलं, चार घोडे म्हणजे ४००, एक घोडा १००. पण तिला उत्तरापेक्षा "या" जास्त आवडला. पुढचे दोन दिवस तिच्या वहीत क्ष च्या जागी "या" होता आणि मी अडवलं नाही. "जेवढी मुलं असतील तेवढी, त्याची दुप्पट, त्यातून चार" असं ती पुटपुटत लिहायची आणि चुकायची नाही. इंग्रजी अक्षर आलं की ती संख्या आहे हे विसरायला होतं, "जेवढी असतील तेवढी" म्हटलं की विसरायला होत नाही.

दुसरी एक गोष्ट आम्ही केली ती मराठी वाक्याची. समीकरण म्हणजे काय, तर एकच गोष्ट दोन वेगळ्या तऱ्हेने सांगितलेली, आणि मध्ये बरोबर. मग उदाहरणात ती गोष्ट कुठली हे आधी शोधायचं. तुलनेच्या वाक्यात मराठी आपल्याला फार मदत करते, "पेक्षा" कशाला चिकटलाय ते बघायचं. ज्याला "पेक्षा" लागलाय त्याच्यापासून सुरुवात, त्यात जी भर किंवा घट सांगितलीय ती करायची, म्हणजे दुसरा मिळतो. "दुपटीपेक्षा ४ ने कमी", मग दुप्पट घ्या, ४ काढा, मुली आल्या. "वहीपेक्षा १२ ने जास्त", वही घ्या, १२ घाला, पेन आला. म्हणजे वही + १२ = ३५, आता यादीवाली चूक होऊच शकत नाही. आधीच्या यादीत आणि ह्यात फरक हा की यादी एका शब्दाकडे बघून अधिक का वजा सांगते, आणि इथे पूर्ण वाक्य वाचल्याशिवाय काही लिहिताच येत नाही. एक सावधगिरी मात्र, बोलताना आपण "तीन पटीने जास्त" असं सर्रास म्हणतो आणि त्याचा अर्थ तिप्पट का चौपट ह्यावर घरात भांडणं होतील, अशा वेळी उदाहरण देणाऱ्यानेच तिप्पट असं स्पष्ट लिहावं, पोरांना दोष देऊ नये.

वयांची उदाहरणं दोन दिवसांत झाली, त्यात फार वेळ गेला नाही. तिची चूक नेहमीची, ५ वर्षांपूर्वी वडिलांचं वय मुलीच्या वयाच्या ५ पट होतं, तर तिने लिहिलं क्ष − ५ = ५य. वडील पाच वर्षं मागे गेले आणि मुलगी आजच्यातच राहिली. छोटा तक्ता काढला, उभ्या रांगा तीन, आज, ५ वर्षांपूर्वी, १० वर्षांनंतर, आडव्या दोन, वडील आणि मुलगी, सहाही घरं भरल्याशिवाय समीकरण लिहायचं नाही. क्ष − ५ च्या खाली य − ५ आपोआप आलं. मग क्ष − ५ = ५(य − ५), आणि १० वर्षांनंतर दुप्पट म्हणून क्ष + १० = २(य + १०). वडील ३०, मुलगी १०. तिने न सांगता पडताळा केला, २५ आणि ५, ४० आणि २०. न सांगता, हे महत्त्वाचं, कारण आधी ती पडताळा समीकरणात घालून करायची, आणि समीकरणच चुकलं असेल तर तो पडताळा काय कामाचा, चुकीच्या समीकरणात चुकीचं उत्तर छान बसतं. पडताळा मूळ वाक्यात करायचा, शब्दांत. त्या ३२ मुलं १८ मुलींच्या वेळी तिने समीकरणात घालून बघितलंच असतं तर बरोबर आलं असतं की.

दहाव्या दिवशी परत त्या २७ = ० कडे गेलो. मी तेच पान उघडून ठेवलं, खोडलेल्या ओळीसकट. तिने थोडा वेळ बघितलं आणि विचारलं, "मावशी, ३६ मधला ३ खरं तर तीस आहे ना?" बस. दशकाचा अंक क्ष, एककाचा अंक य, मूळ संख्या १०क्ष + य, अदलाबदल केलेली १०य + क्ष. "पेक्षा" मूळ संख्येला लागलाय, म्हणून मूळ संख्या घ्यायची, २७ घालायचे, १०क्ष + य + २७ = १०य + क्ष. ९ ने भागलं, य − क्ष = ३. बेरीज ९. य ६, क्ष ३. मूळ संख्या ३६, उलटी ६३, फरक २७. मग तिने काय केलं, जुन्या पानावरची ती पेन्सिलची रेघ खोडरबरने पुसली आणि बाजूला लिहिलं, "क्ष य म्हणजे गुणाकार, ३ × ६ = १८, ३६ नाही." मी सांगितलं नव्हतं.

परत जायच्या आदल्या रात्री, फराळाचे डबे भरता भरता, मी तिला भास्कराचार्यांचंच आणखी एक दिलं. दोन मित्र. एक म्हणतो, मित्रा तू मला १०० दे, मग माझ्याकडे तुझ्या दुप्पट होतील. दुसरा म्हणतो, तूच मला १० दे, मग माझ्याकडे तुझ्या सहापट होतील. कोणाकडे किती? हे अवघड आहे बरं, कारण देणाऱ्याचे कमी होतात हे वाक्यात कुठे लिहिलेलंच नाही, ते आपल्याला माहीत असावं लागतं. तिने तक्ता काढला, वयांचा होता तसाच, आधी आणि नंतर. पहिला क्ष + १००, दुसरा य − १००. मग पहिला क्ष − १०, दुसरा य + १०. दोन समीकरणं लिहिली, क्ष + १०० = २(य − १००) आणि य + १० = ६(क्ष − १०), आणि चिवड्याचा डबा तसाच उघडा ठेवून सोडवत बसली. क्ष = ४०, य = १७०. मग बोटं मोडत, शब्दांत पडताळा, "१०० दिले तर १४० आणि ७०, दुप्पट. १० दिले तर ३० आणि १८०, सहापट." आणि मग एकदम, "पण मावशी, पहिल्याकडे तर फक्त ४० च होते, आणि मागतो थेट १००!"

जानेवारीत पूर्वपरीक्षा झाली. शाब्दिक उदाहरणं तीन, त्यातली दोन पूर्ण बरोबर. तिसरं नावेचं, तिथे चुकली, आणि ते पण लिहायला पाहिजे कारण पंधरा दिवसांत सगळं सुटलं असं नाही. नाव प्रवाहाच्या दिशेने २४ किमी ३ तासांत जाते, उलट दिशेने तेवढंच अंतर ४ तासांत, तर नावेचा संथ पाण्यातला वेग आणि प्रवाहाचा वेग किती. तिने क्ष + य लिहिलं, क्ष − य लिहिलं, सगळं बरोबर, आणि वेग काढताना ३ भागिले २४ केलं. मग पुढे अपूर्णांकांचं रान. वेग, अंतर, वेळ ह्यांचा संबंध आम्ही सुट्टीत घेतलाच नव्हता, तिकीट आणि वयांतच दिवस गेले, तेवढं माझ्याकडून राहिलं.

पेपर हातात मिळाला त्या संध्याकाळी तिने मला व्हॉट्सअॅपवर त्या पानाचा फोटो पाठवला. "समजा" च्या ओळीत तिने लिहिलं होतं, संथ पाण्यात नावेचा वेग = ताशी क्ष किमी, प्रवाहाचा वेग = ताशी य किमी, पूर्ण, एककासकट. आणि त्या दोन "ताशी किमी" ला निळ्या पेनाने गोल करून बाण काढून चुकलेल्या भागाकारापर्यंत नेला होता, बाजूला बारीक अक्षरात, "इथे तास वर आणि किमी खाली आलेत. २४ ÷ ३ = ८, २४ ÷ ४ = ६. क्ष ७, य १."

खाली मेसेज होता, पेपर देताना दिसलं नाही गं, घरी येताना एसटीत दिसलं.